हिवाळ्यात बसवलेला लोड जुलैत बोल्ट अडवतोय? आधी पावडर तपासा

मी रायफलची काडतुसं घरीच भरतो. मार्चमध्ये कोलोराडोतल्या रेंजवर मी .223 रेमिंग्टन या काडतुसाचा एक लोड, म्हणजे केस, प्रायमर, पावडर आणि बुलेट यांची ठरलेली जुळणी, बसवला. प्लास्टिकच्या टोकाची 50 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) बुलेट, नव्या पितळी केसेस, बारीक गोल दाण्यांची बॉल पावडर, आणि चार्ज (एका काडतुसात घालायची पावडर) मॅन्युअलमधल्या कमाल आकड्याला जवळजवळ टेकलेला. हवा 35 अंश फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम 2 अंश सेल्सिअस. शंभर यार्डांवर पाच गोळ्यांची भोकं अंगठ्याच्या नखाखाली झाकली जात होती आणि बोल्ट, म्हणजे रायफलीची मागची खिट्टी, दोन बोटांनी उघडत होता. मी खूश झालो आणि त्याच लोडची चारशे काडतुसं भरून डबे बंद केले.

जुलैत तीच काडतुसं घेऊन आम्ही दोघे मित्र साउथ डकोटाच्या पश्चिम भागात एका रँचवर गेलो. प्रेअरी डॉगची, म्हणजे बिळं करून राहणाऱ्या खारीच्या कुळातल्या प्राण्यांची, वस्ती होती, जमिनीची चाळण झालेली. दुपारी एकच्या सुमारास पारा शंभर फॅरनहाइटच्या वर गेला. विसाव्या-बाविसाव्या गोळीनंतर बोल्ट जड लागायला लागला. आणखी तीन गोळ्यांनंतर तो तळहाताने खालून ठोकून उचलावा लागला. मित्राला म्हटलं, "अरे, थांब जरा, तुझं पाणी दे आणि ही केस बघ." केस उजेडात धरली. प्रायमरची, म्हणजे केसच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टिकलीची, जी गोलसर कड नेहमी दिसते ती नाहीशी होऊन प्रायमर खिशाच्या कडेपर्यंत सपाट पसरला होता. केसच्या बुडावरच्या अक्षरांमध्ये नखाच्या कोरीएवढा चकचकीत डाग होता. इजेक्टरच्या (रिकामी केस बाहेर ढकलणाऱ्या पिनच्या) भोकात पितळ शिरल्याची ती खूण. त्या दिवशी ती रायफल पुन्हा झाडली नाही.

दरवर्षी जून-जुलैत मला कुणी ना कुणी हाच प्रश्न विचारतं: "लोड तोच आहे, मग बोल्ट का अडतोय?" म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

त्याआधी कायद्याचं. हे सगळं अमेरिकेतलं आहे. भारतात परवान्याशिवाय घरी काडतूस भरणं 1959च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, तिथे हा प्रयोग करायचा विचारही नको. अमेरिकेतही एच-वन-बी किंवा तत्सम व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूकच नव्हे, साधं काडतूससुद्धा बाळगायला संघराज्याचा कायदा सहसा मनाई करतो. वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. तेव्हा राज्याचा परवाना खिशात नसेल तर काडतूस भरायच्या प्रेसला हात लावण्याआधी वकिलाशी बोला. ग्रीन कार्डवाल्यांची गोष्ट वेगळी. दुसरं म्हणजे, या लेखात कुठेही "इतके ग्रेन घाला" असं मी सांगणार नाही. चार्ज पावडर कंपनीच्या चालू मॅन्युअलमधून घ्यायचा, खालच्या आकड्यापासून सुरू करायचा. दुसऱ्याच्या रायफलीत बसलेला आकडा तुमच्या रायफलीत बसेलच असं नाही.

हा दाबच आहे का?

बोल्ट अडला म्हणजे चेंबरमधला (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या पोकळीतला) वायूचा दाब वाढला असं लगेच धरून चालू नका. सपाट प्रायमर एकटा फारसा पुरावा देत नाही, काही प्रायमरचा कप मुळातच मऊ असतो. प्रायमरवर खड्ड्याभोवती उठलेली कड दिसली तर फायरिंग पिनचं भोक सैल असू शकतं. पण तीन गोष्टी एकत्र दिसल्या, म्हणजे बोल्ट जड, बुडावर इजेक्टरचा चकचकीत डाग आणि पुढच्या वेळी प्रायमर बसवताना खिसा सैल लागणं, तर मग शंकेला जागा नाही. प्रायमर गळून पडला असेल किंवा त्याच्याभोवती काळी धुराची रेघ असेल तर तिथेच थांबा, बाकी तपास घरी जाऊन करा. केसच्या बुडापासून थोडं वर चकचकीत कडं दिसत असेल तर मात्र ती वेगळी तक्रार आहे. केसचा शोल्डर, म्हणजे मानेखालचा उतार, प्रमाणाबाहेर मागे ढकलला गेल्याने केस तिथे ताणली जाते आणि एक दिवस दोन तुकडे होतात. त्यात पावडरचा दोष नाही, केसला आकार देणाऱ्या डायची जुळणी चुकली आहे.

आणि केसची लांबी मोजा. .223ची केस कमाल 1.760 इंच असते, ट्रिम 1.750 इंचापर्यंत करायची. लांब झालेली केस चेंबरच्या पुढच्या टोकाला टेकते, तिची मान बुलेटला सोडत नाही आणि साध्या चार्जलाही दाब उसळतो. कॅलिपरने दोन मिनिटांत कळणारी ही गोष्ट आहे, पण बहुतेक जण हीच तपासायची विसरतात.

पावडर सोडून बाकीचे संशयित

तराजू सगळ्यात आधी. इलेक्ट्रॉनिक स्केल थंड गॅरेजमध्ये चालू केल्या केल्या वापरलं तर त्याचा शून्य सरकत राहतो. फ्लोरोसेंट दिव्याखाली किंवा पंख्याच्या वाऱ्यात ठेवलं तर आणखी नखरे. दर दहा-पंधरा चार्जनंतर वजनाचा मापी तुकडा ठेवून पाहायचा. एक ग्रेन म्हणजे 65 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि .223सारख्या छोट्या केसमध्ये अर्ध्या ग्रेनची चूक खूप महागात पडते.

पितळ बदललंय का? लष्करी 5.56च्या केसेसचं पितळ पुष्कळदा जाड असतं, आतली जागा कमी. नागरी केसमध्ये बसवलेला चार्ज त्यात जसाच्या तसा ओतला की दाब वाढतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या केसेस एकाच डब्यात मिसळल्या असतील तर वर्गवारी करा, दहा-दहा केसेसचं वजन करून पाहा.

प्रायमर बदलला तर लोड पुन्हा खालून चढवावा लागतो. बॉल पावडरच्या दाण्यांवर ज्वलन मंद करणारा लेप असतो, तो थंडीत नीट पेट घेत नाही म्हणून लोक मॅग्नम प्रायमर वापरतात. निर्णय योग्य आहे, पण मग त्या प्रायमरसह नव्याने सुरुवात करायला हवी.

पावडरचा नवा डबा उघडला असेल तर लॉट नंबर पाहा. लॉट बदलला की पुन्हा खालून.

आणि एक घातक गैरसमज: आकडा सारखा म्हणून पावडर सारखी. एच4895 आणि आयएमआर4895 या दोन वेगळ्या पावडरी आहेत, त्यांचे तक्ते वेगळे. तीच गोष्ट 4198ची. आज दोन्ही मालिका हॉजडन कंपनी विकते, 2003 साली आयएमआर तिच्याकडे आली, त्यामुळे डब्यांवरची नावं आणखीच एकमेकांजवळ आली. दुकानात शेल्फवर एक संपली म्हणून दुसरी आणली आणि तक्ता जुनाच वापरला, ही चूक मी दोघांच्या हातून झालेली पाहिली आहे. दोघेही सावध, शिकलेली माणसं.

कोरडेपणाही धरा. पावडरमध्ये थोडी आर्द्रता असते. कोलोराडो-वायोमिंगसारख्या रखरखीत हवेत, हिवाळाभर हीटर चालू असलेल्या खोलीत पावडर मेजरच्या, म्हणजे ठरलेली पावडर मोजून टाकणाऱ्या यंत्राच्या, उघड्या डब्यात पडून राहिली की ती सुकते आणि जरा भडक जळते. शिवाय डबल-बेस (नायट्रोग्लिसरीन असलेली) पावडर मेजरच्या प्लास्टिकला खाते, डबा पिवळा पडतो. काम संपलं की पावडर मूळ डब्यात परत, झाकण घट्ट. मूळ डबा कोणता याची खात्री नसेल तर परत घालायचीच नाही.

बॅरलमध्ये तांब्याचा थर साचला तरी गट फुटतो, म्हणजे गोळ्या विखुरतात, आणि दाब चढतो. दोनशे गोळ्या झाडल्यावर साफ न केलेली नळी असेल तर आधी ती साफ करा आणि मग बाकीचा विचार करा. अलीकडे काही पावडरींमध्ये तांबं कमी साचावं म्हणून खास घटक घालतात, सीएफई 223 त्यासाठीच ओळखली जाते. त्याने साफसफाई कमी होते, टळत नाही.

उष्णता नेमकं काय करते

हे सगळं तपासून बाद झालं की उरते ती पावडर. पेटताना पावडर किती गरम आहे त्यावर तिच्या जळण्याचा वेग अवलंबून असतो. गरम दाणा लवकर जळतो, वायू लवकर तयार होतो, आणि बुलेट अजून नळीच्या सुरुवातीला असतानाच दाबाचं टोक वर जातं. .223साठी सामी या अमेरिकी काडतूस-बंदूक उत्पादकांच्या मानक संस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा 55,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) आहे. हिवाळ्यात त्या काठावर बसवलेला लोड उन्हाळ्यात काठ ओलांडू शकतो.

यात आणखी एक गोष्ट मिसळते आणि प्रेअरी डॉगच्या शिकारीत तीच निर्णायक ठरते. हरणाच्या शिकारीत माणूस दिवसात एखादी गोळी झाडतो. इथे तासाभरात पन्नास-साठ. चेंबर हाताला चटका बसेल इतकं तापतं. अशात तुम्ही काडतूस आत सारून बोल्ट बंद करता आणि दुर्बिणीतून पुढचं जनावर शोधत बसता. तेवढ्या वेळात ते काडतूस त्या चेंबरमध्ये भाजत असतं. माझ्या मते जुलैतल्या निम्म्या तक्रारींचं मूळ हवेत नसून या थांबण्यात असतं.

खात्री करायची असेल तर क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, लावा. तोच डबा, तीच रायफल, पहाटे गारव्यात दहा गोळ्या आणि नळी थंड करून दुपारी दहा गोळ्या. काडतुसं दुपारच्या हवेत पण सावलीत तासभर ठेवलेली असावीत, उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर नाही. ओव्हन, हेअर ड्रायर असले प्रकार कधीही करू नका. माझ्या त्या लोडचा सरासरी वेग मार्चपेक्षा जुलैत सेकंदाला शंभर फुटांहून जास्त वाढला होता. केस, बुलेट, नळी आणि चार्ज तेच असताना वाढलेला वेग फुकट येत नाही, तो दाबातूनच येतो. म्हणून क्रोनोग्राफला मी दाबमापक मानतो. मॅन्युअलमध्ये कमाल चार्जला जो वेग दिला आहे, तेवढ्याच लांबीच्या नळीतून तुम्हाला त्याहून जास्त मिळत असेल, तर तुमची रायफल "फास्ट" आहे असं म्हणून आनंद मानू नका. चार्ज उतरवा.

मग पावडर कोणती

इथे लोक दोन गोष्टी पाहतात: तक्त्यातला सर्वात मोठा वेगाचा आकडा, आणि पावडर मेजरमधून किती सुरळीत वाहते. दुसरी गोष्ट मी समजू शकतो. एका पाउंडात 7,000 ग्रेन, म्हणजे .223ची पावणेतीनशेच्या आसपास काडतुसं. सहलीला हजार भरायची असतील तर प्रत्येक चार्ज तराजूवर तोलणं नोकरी करणाऱ्या माणसाला झेपत नाही. बॉल पावडर राजगिऱ्यासारखी सुटसुटीत, मेजरचा दांडा ओढला की दर वेळी तेवढीच पडते. म्हणूनच 5.56 आणि 7.62च्या लष्करी काडतुसांत ती रुळली, आणि एच335, बीएल-सी(2) या पावडरींची मुळं तिथेच आहेत. एच380ची गोष्टही छान आहे: ब्रूस हॉजडन यांनी पुढे .22-250 म्हणून मान्यता पावलेल्या काडतुसात 38.0 ग्रेन वापरून पाहिले आणि तोच आकडा पावडरीचं नाव झाला. या पावडरींनी लाखो प्रेअरी डॉग टिपले आहेत, त्यांना वाईट म्हणायचा माझा हेतू नाही. पण बॉल पावडरींचा गट एकंदरीत उष्णतेला जास्त हळवा असतो, काही जास्त, काही कमी. वापरायचीच असेल तर लोड जुलैत बसवा, मार्चमध्ये नाही. जो चार्ज कडक उन्हात निमूट चालतो तो थंडीत थोडा मंद पडेल, आणि ते चालतं.

दुसऱ्या टोकाला काडीसारखी एक्सट्रूडेड पावडर. हॉजडनची एक्स्ट्रीम मालिका ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या मुलवाला इथल्या कारखान्यात बनते आणि तापमानाचा परिणाम कमी व्हावा म्हणूनच घडवलेली आहे: एच4198, एच322, बेंचमार्क, एच4895, व्हारगेट. आयएमआर 8208 एक्सबीआरही त्याच गुणाची. .223मध्ये 40 ते 55 ग्रेनच्या बुलेटसाठी माझी पहिली पसंती बेंचमार्क किंवा 8208. कारण साधं आहे. दोन्हींचे दाणे आखूड आहेत, तांदळाच्या कणीसारखे, त्यामुळे मेजरमधून बॉल पावडरच्या जवळपास वाहतात आणि उन्हाचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. .204 रुगरलाही याच दोन चालतात, एच4895सुद्धा. .22-250ची केस मोठी, तिथे व्हारगेट मस्त बसते. .223मध्ये हलक्या बुलेटमागे व्हारगेट घातली तर केस गच्च भरते, पावडर बुलेटखाली करकरते, आणि तरीही वेग मागेच राहतो. ती पावडर तिथे जड बुलेटसाठी ठेवा.

बर्न रेटच्या, म्हणजे जळण्याच्या वेगाच्या, तक्त्यावरून पावडर निवडू नका. तो फक्त क्रम सांगतो. यादीत शेजारी शेजारी बसलेल्या दोन पावडरींचा चार्ज एकमेकांना लागू होत नाही.

नरसाळ्यातला अडथळा

बॉलवरून एक्सट्रूडेडवर येणाऱ्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक नवीन दुखणं भेटतं, आणि ते उष्णतेहून जास्त धोक्याचं आहे. .22 कॅलिबरच्या केसचं तोंड फार अरुंद. लांब काड्यांची पावडर नरसाळ्यात आडवी पडते, तिथे तिचा पूल तयार होतो. तुम्ही दांडा ओढता, पावडर पडल्याचा आवाज येतो, केस ट्रेमध्ये ठेवता. प्रत्यक्षात तिच्यात अर्धाच चार्ज उतरलेला असतो. पुढची केस नरसाळ्याखाली आली की धक्क्याने तो पूल मोडतो आणि तिच्यात प्रमाणाबाहेर पडतो. म्हणजे एक काडतूस अर्धवट आणि लगेच पुढचं धोकादायक, दोन्ही एकमेकांना चिकटून. अर्धवट काडतुसाची बुलेट नळीत अडकू शकते, आणि मागून ते दुसरं आलं तर रायफल फुटते.

उपाय एकच आहे आणि मी तो एकदाही चुकवत नाही. पन्नास केसेसचा ट्रे भरला की बुलेट बसवण्याआधी छोट्या टॉर्चने प्रत्येक केसमध्ये पाहायचं. तिरका उजेड टाकला की पावडरीची पातळी रांगेत सारखी दिसली पाहिजे, ओटीतल्या गव्हासारखी. एखादं तोंड खोल किंवा काठोकाठ दिसलं की ती केस आणि तिच्या अलीकडची-पलीकडची, तिन्ही रिकाम्या करायच्या. दांडा ओढल्यावर मेजरच्या अंगावर बोटाने एक टिचकी द्यायची, नरसाळं रुंद तोंडाचं घ्यायचं. मेजरमध्ये काडी कापली जाताना कचकन आवाज येतो, दांडा अडतो. जोर लावून तो चार्ज केसमध्ये घालू नका, तराजूवर पाहा.

मैदानात

पावडर कितीही चांगली निवडली तरी जुलैच्या उन्हात वागायची रीत सांभाळावी लागते. काडतुसांचा डबा बर्फ नसलेल्या कूलरमध्ये, वर पांढरा पंचा. लक्ष्य दुर्बिणीत ठरलं की मगच काडतूस आत. शोधत असताना बोल्ट उघडा. नळी धरवेनाशी झाली की दुसरी रायफल काढा किंवा चहा प्या. .22-250 असेल तर याने नळीचा घसाही (चेंबरलगतचा भाग) जास्त काळ टिकतो, ती केस नळी फार लवकर खाते. आणि वस्तीत घुबड दिसलं तर बंदूक खाली. प्रेअरी डॉगच्या बिळांत बरोइंग आउल राहतात, काही भागांत काळ्या पायांचा फेरेट हा मुंगसासारखा दुर्मिळ प्राणीही पुन्हा सोडलेला आहे, तिथे शिकारीला बंदी असू शकते. जागेचे नियम त्या वर्षीचेच वाचायचे.

राहिली ती माझी मार्चची काडतुसं. चारशेतली साडेतीनशेच्या वर उरली होती. थंडीत संपवून टाकू असा विचार आला होता, पण डब्यावर हवामान कोण वाचतं, एखाद्या उन्हाळ्यात तो डबा कुणाच्या तरी हाती लागलाच असता. म्हणून दोन शनिवार लावून कॉलेट पुलरने (बुलेट ओढून काढायच्या अवजाराने) सगळी उघडली. बुलेट पुन्हा वापरल्या. पावडर मूळ डब्यात घातली नाही, मागच्या हिरवळीवर पातळ पसरून पाणी मारलं. त्या दिवशी झाडलेल्या केसेसपैकी ज्यांच्या प्रायमरचे खिसे सैल लागले त्या पक्कडीने चेपून भंगारात टाकल्या, म्हणजे चुकून परत भरल्या जाणार नाहीत. आता प्रत्येक डब्यावर पावडर, लॉट, प्रायमर, पितळ यांच्याखाली एक ओळ जास्त असते: लोड कोणत्या महिन्यात आणि किती अंशांवर बसवला.